धक्क्याचा धडा

श्रीमंतराव मेव्हण्यांना लातूरहून मडिवाळप्पाचे शरणार्थ.

तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि म्हैस पुन्हा दूध देऊ लागली असेल, अशी आशा करतो. इकडे माझी प्रकृती ठीक, मन ठीक नाही. मला जो बसला आहे (तो शब्द पुढे येईलच, आत्ता लिहायची हिंमत नाही) तो अजून उतरलेला नाही. सौ. सिंधु सोमवारपासून तुमच्याकडे आहे. का आली हे तिने सांगितलेच असेल. मी भर रस्त्यात एका परक्या बाईचे पाय धरून बसलो होतो, आणि तुमच्या गावच्या माणिकप्पाने ते डोळ्यांनी पाहिले. त्याने आमच्या घरी चहा पिता पिता ते तिच्या कानावर घातले आणि परतीच्या एसटीने तिला घेऊनही गेला. माणिकप्पा खोटे बोलला नाही. फक्त त्याने शेवट पाहिला, आरंभ पाहिला नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या क्लासचे मालक विरूपाक्ष सर यांना तपासणीला आलेल्या साहेबांनी बजावले की, जिथे माणसे कामाला ठेवता तिथे प्रथमोपचाराची पेटी हवी, आणि ती वापरायला शिकलेला माणूसही हवा. पेटी आमच्याकडे होती. (तिच्यात खडू होते.) माणूस नव्हता. सरांनी थेट नागपूरहून उमादेवी बाईंना बोलावले. सारा जन्म दवाखान्यात काढून निवृत्त झालेल्या परिचारिका त्या. पण सरांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. बाई पोचण्याआधीच त्यांनी आम्हा कारकून, आचारी, पहारेकरी सगळ्यांना नोट्स वाटून सराव परीक्षा घेतली. त्यामुळे हाड मोडल्यास काय करावे याचे पाच गुणांचे उत्तर सर्वांना तोंडपाठ, आणि बांधलेली पट्टी कशी सोडावी हे कोणालाच माहीत नाही.

बाईंनी आमच्या पहारेकऱ्याला, लालमहंमदला, टेबलावर निजवून त्याच्या दोन्ही पायांना फळ्या बांधून दाखवल्या. मग हात पुसत म्हणाल्या, "झालं हाडाचं. आता धक्का."

श्रीमंतराव, त्यांच्या पुस्तकात धक्का म्हणजे अपघातानंतर माणूस पांढराफटक पडतो, गार घाम सुटतो, नाडी पळू लागते, ती अवस्था. लातुरात त्या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. (त्या पहाटेला पाच वर्षे होत आली, पण चप्पल मी अजून दाराकडे तोंड करूनच काढतो.) शब्द निघाला आणि खोली रिकामी झाली. कोणी ओरडले नाही, कोणी काही विचारले नाही. जमीन खरेच हलली का, याचा विचार करत बसलेल्यांचे काय झाले ते आम्ही पाहिलेले आहे. पायांना फळ्या बांधलेला लालमहंमद माझ्या आधी रस्त्यावर होता. कसा, ते त्यालाही सांगता येत नाही. बाईंना वाटले आग लागली. त्याही आमच्या मागे धावल्या, आणि शेवटच्या पायरीवरून घसरून रस्त्यावर पडल्या. घोटा गेला.

मग आम्ही बारा शिकलेली माणसे त्यांच्याभोवती गोल उभे राहिलो. आचाऱ्याने पाठ केलेले उत्तर म्हणायला सुरुवात केली. एकाने हळद सुचवली. लालमहंमद म्हणाला, "अप्पा, ह्या माझ्या फळ्या काढून बाईला बांधा, मला काय कामाच्या हायेत?" पण सोडण्याचा भाग नोट्समध्ये नव्हता. बाई म्हणाल्या, "कोणी मला हात लावू नका." एवढे बोलल्या आणि पांढऱ्या पडल्या. कपाळावर घाम डवरला. तशाच पडल्या पडल्या पुटपुटल्या, "हाच तो धक्का, बघून घ्या. पाय वर धरा, फूटभर." राहिलेला धडा त्यांनी स्वतःवर शिकवला.

परक्या बाईच्या पायांना हात कोण लावणार? सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण कपाळाला विभूती माझ्याच होती. मी धुळीत बसलो, पोटऱ्यांखाली हात घालून पाय उचलले. डोळे मिटले, कारण दुसरीकडे कुठे पाहणे बरे दिसले नसते. ओठांनी देवाचे नाव घेऊ लागलो, कारण बाई हातातून जातात की काय अशी भीती होती. नेमका तेव्हाच मुलाच्या प्रवेशासाठी आलेला माणिकप्पा रिक्षातून समोरून गेला. त्याच्या जागी मी असतो तरी हेच समजलो असतो की हा गृहस्थ माफी मागतो आहे.

सिंधुला मी दोष देत नाही. सव्वीस वर्षांत तिची माफी मी कधी अशी बसून मागितली नाही. तिला बहुधा तेच लागले असावे.

बाईंना आता आराम आहे. प्लास्टर घातले आहे, पंधरा दिवस प्रवास नाही. घरातल्या थोरामोठ्यांना शरणार्थ. पत्र सिंधुला वाचून दाखवा, कंसातले सोडून.

तुमचा,
मडिवाळप्पा

ता. क. सरांनी मला क्लासचा प्रथमोपचारक नेमले आहे. बाईंनीच शिफारस केली. म्हणाल्या, या माणसाने निदान सांगितले तेवढेच केले. सिंधुला हे ऐकून हसू येईल. घरी मी तेवढेही करत नाही.

ता. क. दुसरा. प्रवेशाचे दिवस असल्यामुळे लातुरात एकही लॉज मोकळा नाही. सरांनी तर स्वतःचे देवघरसुद्धा दोन मुलांना भाड्याने दिले आहे. त्यामुळे बाई आमच्या घरी आहेत. हे वर लिहायचे राहिले. लालमहंमदची बेगमबी रात्रंदिवस त्यांच्या सोबतीला असते आणि मी क्लासमधल्या बाकावर निजतो. पण गल्लीला आमचे घर दिसते, बाक दिसत नाही. सिंधुला मिळेल त्या गाडीने पाठवा.

ता. क. तिसरा. नाहीच म्हणाली तर एवढेच सांगा की बाईंना तिच्या हातचे लिंबाचे लोणचे फार आवडले आहे, आणि बेगमबी दोन्ही वेळा सढळ हाताने वाढते. बरणीचा तळ दिसू लागला आहे.