कार्ड बसलं, ओझं तिथंच

मंगळवार, संध्याकाळ, पुणे

चार दिवसांमागं मीच ऑफिसच्या सर्व्हरमधी एक नवं कार्ड बसवलं होतं. माहिती कुलूपबंद करायचं जड काम त्यानं करायचं असते. मॅडमनं लिहून दिलेली चिठ्ठी पाहून ड्रायव्हरच्या, म्हंजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी टाइप केल्या, हिरवा दिवा लागला, मी खूश. आज इंजिनिअर मॅडम म्हणाल्या, "दिवा काय बघतोस? शेवटची ओळ राहिली. कार्ड नुसतं बसलंय, सगळं ओझं जुन्या प्रोसेसरवर. हात लावून बघ."

सर्व्हरची पेटी चांगलीच तापली होती. चार दिवस तापली, पण काम कुठं अडलं नाही, म्हणून कोणाले समजलं नाही. ओळ टाकली, तशी निवली.

मंग मायचा फोन आला. "कापूस वेचणं होऊन राह्यलं, तू फिकर नको करू."

"बाया भेटल्या वेचाले?"

"हाव."

मागून बहीण बोलली, "खोटं सांगते, दादा. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली, किडकी बोंडं वेचाले कोणी येत नाही. एकटीच वेचते, अंगात ताप हाये."

"गप वो," माय हसली.

किती दिवसांचा ताप, ते मी काऊन नाही विचारलं? ती पेटी मले हात लावून तरी समजली.

गावात लोक म्हणतात, तिले काय कमी, कमावता पोरगा हाये.