नदीच्या गाण्याची पट्टी

प्रिय नेड्रा,

हे पत्र वाचताना हसू नकोस. तू तिकडे डेटन शहरात असलीस तरी ओठ दाबून हसते आहेस ते मला इथून कळतं. सगळं सांगते, पण माझ्या क्रमाने. आधी शेवटचं पान वाचायची तुझी खोड एवढ्या वेळेपुरती आवर.

वसंतापासून या घरात कुठेतरी पाणी मुरत होतं. पहिल्यांदा तुझ्या आजोबांची शिट्टी नाहीशी झाली. तीच ती गोल, बिस्किटाएवढी, जिच्या एकेका भोकातून एकेक सूर निघतो. त्या शिट्टीवर सूर घेतल्याशिवाय आपल्या घराण्याने चर्चमध्ये एकही गाणं सुरू केलेलं नाही. आजोबांच्या दफनालासुद्धा आधी ती वाजली, मग पाळकांनी तोंड उघडलं. ती तुझ्या व्हर्लिनमामाकडे असते. एका रविवारी तो म्हणाला, "हरवली गं झेल्मा," आणि वाटीतल्या घेवड्याकडे बघत राहिला. ज्या माणसाच्या खिशात शाळेतला चाकू अजून आहे, त्याच्या हातून बापाची शिट्टी हरवते होय? मी मक्याचा पाव त्याच्या ताटात कोपऱ्याचा, करपलेला वाढला.

मग गिटार. तिच्या तारा सैल वाजायला लागल्या. जाड तारा कुठून कुठून मागवून चढवल्या, तरी आवाज ओल्या दोरीसारखा. विचारलं तर म्हणतो, "हवा दमट आहे, लाकूड फुगतं." हवा काय या खोऱ्यात कालपासून दमट झाली? व्हर्लिनचा शाळेपासूनचा जोडीदार, तुझा ऑर्बीकाका, त्याचंही काही ठीक नव्हतं. खर्ज गाताना त्याची हनुवटी पार टायच्या गाठीत रुतायची. तालीम झाली की कुरकुर करायचा, "व्हर्लिन, आणखी खाली गेलो तर विहीर लागेल." व्हर्लिन त्याला पायाने ढोसायचा. टेबलाखालून मारलेली लाथ मला दिसत नाही असं या दोघांना शाळेत असल्यापासून वाटतं.

आणि मर्ना. नव्या पाळकांची मेहुणी. व्हर्लिननेच तिला मॅन्डोलिन वाजवायला आणलं. पोरगी गोड बोलते, आणि गोड बोलणाऱ्याच्या हातात मी किल्ली देत नाही. आपल्याकडे जेवायला आली की भांडी घासताना हळूच गुणगुणते. काय गुणगुणते, तर आजोबांनी रचलेलं नदीचं गाणं, आणि त्यातही मुख्य चाल नाही, वरचा सूर. माझा सूर. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले की गप्प. वर विचारते, "झेल्मामावशी, हा सूर तुम्हाला कुणी शिकवला हो?" मी म्हटलं, "शिकवला नाही, दिला."

तुला माहीत आहेच, पण पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्या घरात वरचा सूर मागायचा नसतो. ज्या बाईकडे तो असतो तिने द्यायचा असतो. तुझ्या आजीने तो मला परतीच्या रविवारी दिला. गाव सोडून गेलेले सगळे परत आले होते, बाहेर झाडाखालच्या लांब टेबलांवर जेवण मांडलेलं होतं. शिट्टी वाजली आणि आजी एक पाऊल डावीकडे सरकली. तिची जागा मोकळी राहिली. घरून निघताना एक अक्षर बोलली नव्हती. नदीची ओळ आली, जिथे बाकीचे खाली थांबतात आणि एकच आवाज वर चढतो, तिथे मी चढले. आजी नंतर म्हणाली, "आता मला सफरचंदाच्या पाईकडे नीट लक्ष देता येईल."

तो सूर मर्नाला द्यायचा कट शिजतोय याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका उरली नव्हती. त्यात फोन. व्हर्लिन संध्याकाळी फोनची तार ताणत कोठीच्या खोलीत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. लग्न न केलेला माणूस बरण्यांच्या खोलीत कुणाशी बोलतो? मी एकदा लोणच्याची बरणी हवी म्हणून आत गेले. त्याने फोनवर पलीकडच्याला "बरं, ठेवतो" म्हटलं आणि मला म्हणाला, "चुकीचा नंबर लागला होता." चुकीच्या नंबराशी कुणी एवढा वेळ बोलतं का? दुसऱ्या खेपेला दाराबाहेरून एवढंच ऐकू आलं: "तिला अजून काही कळलेलं नाही. पण परतीचा रविवार जवळ आलाय." चाळीस वर्षं ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले तो माझा भाऊ. रडू आलं नाही. राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. गाणं काढून घेतलं तर त्या चर्चमध्ये मी कोण? तिसऱ्या बाकावरची एक म्हातारी.

गेल्या मंगळवारी बरण्यांची झाकणं आणायला त्याच्या ट्रकपाशी गेले. पुढचा कप्पा उघडला, तर रुमालात बांधलेली शिट्टी. हरवलेली. म्हटलं, सापडलास, भावा. व्हर्लिन नदीवर मासे धरायला गेला होता. मी शिट्टी घेऊन घरात आले आणि नदीच्या गाण्याचा सूर फुंकला. मग भिंतीवरची गिटार काढून छेडली. दोन्हींचा काही मेळ नाही. शिट्टी कुठच्या कुठे वर, गिटार खाली लोळतेय. मला वाटलं, बघा, मला सुरातून पाडायला गिटार बिघडवली आहे. त्याला उघडं पाडायचं म्हणून एकेक तार शिट्टीच्या सुराला चढवून घेतली आणि स्वयंपाकघरात उभी राहून गाणं म्हटलं.

नदीची ओळ आली आणि मी चढले नाही. पुन्हा म्हटलं. गळ्यातून नुसती हवा. तिसऱ्यांदा आवाज असा फाटला की अंगणातला कुत्रा उठून बसला. नेड्रा, मी खुर्चीवर बसले आणि बसूनच राहिले.

व्हर्लिन आला तेव्हा मासे त्याच्या हातातच होते. टेबलावरची शिट्टी बघितली, गिटारच्या ताणलेल्या तारा बघितल्या, आणि टोपी काढली. मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाला, "तिसरं वर्ष. दर खेपेला इतकी थोडी पट्टी उतरवली की तुला कळू नये. तू वर पोचावीस म्हणून. आधी शिट्टीचं खालचं भोक फुंकायचो; पण तेवढ्याने भागेना, म्हणून वसंतात ती लपवली आणि गिटारच उतरवली." "आणि ऑर्बी?" "तो शिव्या देत खाली जातो, पण जातो." "आणि ती मर्ना? माझा सूर गुणगुणते ती?" "मीच सांगितलं होतं तिला. तू कुठे अडतेस ते तिने गाऊन बघावं, म्हणजे किती उतरवायची ते ठरवता येईल. तिला तुझी जागा नकोय गं. तिचा आवाज पत्र्याचा आहे, ती स्वतःच सांगते." मग माझ्या लक्षात आलं, तीन वर्षं लोक हात धरून म्हणतात, "झेल्मा, आवाज अजून तसाच आहे हो," आणि मी मान ताठ करून घरी येते. सगळ्या चर्चला ठाऊक होतं. मी त्या दिवशी मासे तळले नाहीत. त्यानेच तळले, आणि फार मीठ घातलं. मर्नाबद्दलचा माझा संशय गेला. तिच्या बटाट्याच्या सॅलडवर मात्र अजून माझा विश्वास नाही.

शेवटी फोनचं विचारलं. आता तुझा चेहरा कसा झालाय ते मला नको सांगूस. तो म्हणाला, "नेड्राशी बोलत होतो. वसंतापासून तिला विनवतोय की परतीच्या रविवारी ये आणि वरचा सूर घे, ऑर्बीच्या गळ्याला याहून खाली जमणार नाही. ती एकच उत्तर देते: आईने दिला तर येईन. आईला न कळता तिची जागा मी घेणार नाही." एवढं सांगून तो काटे निवडत बसला. मी मागच्या अंगणात जाऊन रडले, पण ते दुःखाने नव्हे. एवढा संशय मी सगळ्यांवर घेतला, आणि ज्या एका पोरीने आपल्या घराची रीत धरून ठेवली होती ती डेटनला बसली होती.

तर गिटार शिट्टीवर लावलेली आहे, आजोबांच्या पट्टीत, आणि व्हर्लिनला बजावलं आहे की खुंट्यांना हात लावलास तर जेवण बंद. परतीचा रविवार ऑगस्टचा दुसरा. सकाळी निघालात तर उशीर होईल, शनिवारीच या. जावईबापू ड्वाइटला सांग, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक करते आहे. शिट्टी या वेळी मी फुंकणार आणि मग एक पाऊल डावीकडे सरकणार. माझ्या आईसारखं मलाही न बोलताच द्यायचं होतं गं. पण इतक्या लांबून तुला ती मोकळी जागा दिसणार कशी, म्हणून हे पत्र.

तुझीच,
आई