रंभाची न दुखलेली जखम

मी मच्छिंद्र सोपान सातपुते, वय ७१, धंदा चपला शिवणे, राहणार वरवंड, तालुका दौंड, जिल्हा पुणे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा विनोद यास. तो सणसवाडीला कंपनीत असून तेथेच खोली घेऊन राहतो, तरी घर त्याचेच. आईच्या अखेरच्या दिवसांत त्याने रजा टाकून सेवा केली.

२. हमरस्त्यालगतचे दुकान मात्र शिरूरच्या पायवाट आरोग्य न्यासाला द्यावे. विनोद म्हणाला होता, "आप्पा, रोडटच जागा हाय. मोबाईलवाला मागतोय. परक्याला कशापायी देता?" त्याचे उत्तर येथे देतो.

माझी पत्नी रंभा हिला अकरा वर्षे साखर होती. गोळ्या घेई, पण पाय कधी कोणाला दाखवले नाहीत. एके दिवशी चपलेचा अंगठा तुटला म्हणून तिने चप्पल माझ्यापुढे ठेवली, तर आत रक्त वाळलेले. तळातून खिळा वर आला होता. चप्पल मीच शिवलेली.

"दुखलं न्हाई का गं?"

"न्हाई की. काय झालंय?"

आधी बोट काढले, मग पाय. त्याच वर्षी श्रावणात ती गेली. जन्मभर गावाचे पाय मापले, घरचे दोन पाहिले नाहीत. यात दुसऱ्या कोणाची चूक नाही.

पुढे न्यासाच्या डॉ. अनिता गवारे दुकानात आल्या. साखरेने पाय बधिर झालेल्यांसाठी मऊ तळाच्या, बिनखिळ्याच्या चपला हव्यात म्हणाल्या. गेली सहा वर्षे दर गुरुवारी त्या दुकानात बसून तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवतात, "लागतंय का?" विचारतात, मी मापे घेतो. हे चालू ठेवावे. न्यासाने बंद केल्यास दुकान विनोदचे.

३. रापी, आरी, ऐरण व लाकडी फर्मे ही माझी सगळी हत्यारे मुलगी सुलक्षणा, राहणार केंदूर, हिला. तळ कापण्यात तिचा हात माझ्याहून साफ आहे. बाईने हे काम करू नये म्हणणाऱ्या भावकीला काही नाही. तसेही मिळणार नव्हते.

४. गावचे बागाईतदार सर्जेराव यांना मी गुरुवारी पाय दाखवायला या म्हटले, तेव्हा त्यांनी "तू चपला शिव, डॉक्टरकी करू नको," म्हणून मला चारचौघांत हाकलले होते. वर्षाने स्वतःच गुरुवारी दुकानात आले, डॉक्टरबाईंपुढे पाय केला, डोळे मिटले. दोरा लागल्याचे त्यांना कळलेच नाही.

"मच्छिंद्रा, आता रं?"

"आता माप घेऊ," मी म्हणालो.

त्यांचा पाय आजही शाबूत आहे. त्या बोलण्याचा राग मी ठेवलेला नाही, हे त्यांना वाचून दाखवावे.

५. माझ्या दशक्रियेला भाषणे नकोत. लोक चपला काढून बसतीलच. डॉक्टरबाईंना बोलावून प्रत्येकाचे तळवे पाहावेत. सुरुवात विनोदपासून करावी. त्याच्या पाकिटात साखरेच्या गोळ्यांची पट्टी मी पाहिली आहे. त्याने अजून घरात सांगितलेले नाही.

ठिकाण: दौंड
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४

(सही) मच्छिंद्र सोपान सातपुते

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. यातून आम्हा दोघांना काहीही मिळणार नाही.

साक्षीदार:
(सही) नवनाथ बबन टुले, शेजारी, वरवंड
(सही) साखरबाई म्हाळू रणदिवे, आशा सेविका, वरवंड