कुंदाबाईंची मुलाखत

११ जानेवारी १९९२, जळगाव
सरांनी माझी प्रश्नावली सरळ बाजूला सारली! "हो-नाहीच लिहायचं असेल तर जनगणनेला जा. इथे ऐकायला शिका." एम.फिल.चा विषय तरी पक्का झाला — नवरा घर सोडून गेलेल्या बायका.

१९ जानेवारी
रावेरला जाऊन आले. केळी ट्रकमध्ये भरतात तिथे कुंदाबाई भेटल्या. टेपरेकॉर्डर पाहून गप्पच! बंद केला, त्यांच्यासोबत पाला उचलायला लागले, तेव्हा बोलल्या. "मालक मुंबईले गेले कामाले. येतीन." कपाळावर ठसठशीत कुंकू. सासरे — आबा — म्हणाले, "सून लाखात एक. आमच्या जीवरामची वाट पाहून ऱ्हायली."

२ फेब्रुवारी, चाळीसगाव
गेलेल्या पुरुषांशीही बोला, असं सर म्हणाले होते. रावेरकडचे काहीजण इथे रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करतात, म्हणून आले. चहा पिताना एकानं नाव सांगितलं — जीवराम. गाव विचारलं. तेच! मी तिथे जाऊन आलेय म्हटल्यावर घरी घेऊन गेला. बायको, दोन पोरी. निघताना दारामागे येऊन हळूच — "कुंदा कशी शे?"
रावेरचा माणूस, आणि 'हाये' सोडून इकडचं अहिराणी 'शे' म्हणतो! इथलाच होऊन गेलाय.
मग हात जोडले. "ताई, तिकडे बोलू नका." मी हो म्हटलं. का म्हटलं?

४ फेब्रुवारी
सरांना नावं न सांगता विचारलं. "एकाचं बोलणं दुसऱ्याकडे न्यायचं नाही. तुम्ही अभ्यासाला गेलात, न्यायनिवाडा करायला नाही."
वर्गात किती सोपं वाटलं होतं हे! तिकडे एका बाईचं आयुष्य वाट बघण्यात चाललंय, आणि मी इथे नियम घोकतेय.

९ फेब्रुवारी
जेवण जात नाही. आई विचारते, काय झालं? तिलाही सांगता येत नाही.

१५ फेब्रुवारी
ठरलं. उद्या रावेरला जाऊन सांगणार. एम.फिल. गेलं तर गेलं!

१६ फेब्रुवारी
कुंदाबाईंना बाजूला घेतलं. "मी चाळीसगावला गेले होते —" एवढंच म्हणाले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "पोरी केवढाल्या झाल्या त्याच्या?"
ट्रकवाल्यानं केव्हाच सांगितलं होतं म्हणे!
"आबाले कळलं तं मले माहेरी धाडतीन. तिथं कोन हाये माझं? वाट पाहते म्हनून तं या घरात हाये. बोलू नका, ताई. अन् त्याले सांगा — येऊ नको म्हना."