काठावरची फुलं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई बरी आहे म्हणावं तर जेवत नाही, बरी नाही म्हणावं तर दिवसभर खिडकीपाशी स्वतःशीच हसत बसलेली असते. ताट पुढे ठेवलं की काचेच्या कपाटाकडे बोट दाखवते. तिला तिथली फ्रेंच प्लेट हवी असते, तीही सगळ्यात खालचीच. दुसरी दिली तर लगेच ओळखते आणि तोंड फिरवते.

आणि तू तर बाराच्या बारा तुझ्या संग्रहालयाला कबूल करून बसलेली! एखादी फुटली तर माझी सालं काढशील. पण काल दिवसभरात तिच्या पोटात दोनच घास गेले. मला भीती वाटते गं. काय करू, लवकर कळव.

लोभ असू दे, निदान प्लेटींवर आहे तेवढा तरी.

तुझी,
धाकटी

८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सालं काढायला मी तिथे आहे कुठे? दे तिला प्लेट. फक्त आधी दुपारच्या उन्हात धर आणि मागून बोटं हलव. असलं जुनं पोर्सेलीन एवढं पातळ असतं की बोटांच्या सावल्या आरपार पोहताना दिसतात. मग काठावर नखाने हलकेच टिचकी मार. आवाज लांबत गेला पाहिजे. मध्येच बसला तर कुठेतरी तडा आहे असं समज. पाठीमागे कारखान्याचा हिरवा शिक्का असेल. तो चकाकीच्या थराखाली असतो, बोटाला लागत नाही.

तडा नसेल तर खुशाल जेवू दे. संग्रहालयाचं मी बघते.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळी दुपार मी एकेक प्लेट उन्हात धरत बसले आणि गॅसवरचं दूध उतू घालवलं. खोलीभर दुधी उजेड, त्यात माझीच बोटं तरंगताहेत, आणि आई बघत बसलेली. आम्ही दोघीही कुठेतरी पाण्याखाली आहोत असं वाटत होतं.

अकरा प्लेटींतून बोटं दिसली. आईच्या प्लेटीतून काहीच दिसेना. टिचकी मारली तर नुसतं ठक्क. मागे शिक्का नाही. काठावरची फुलं तीच, पण प्रत्येक पाकळीला बारीक काळी सावली. ताई, बाबा दुकानांच्या पाट्या रंगवताना अक्षरांना द्यायचे ना, अगदी तशी!

आईला विचारलं. म्हणाली, नव्या संसारात तिच्या हातून एक फुटली, ती रडायची थांबेना, म्हणून बाबांनी साध्या प्लेटीवर फुलं काढून दिली. एवढं बोलली आणि पोटभर जेवली. पण जेवताना ती काठावरून अंगठा फिरवत राहते आणि रंग अंगठ्याला येतो. प्लेट काढून घेऊ का?

तुझी,
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी खूप हसले, मग रडले. संग्रहालयाला कबूल करताना मी वरची एक प्लेट तपासली आणि बाकीच्या न बघताच पास केल्या. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्याची खैर नव्हती.

बाबांचा रंग भट्टीत भाजलेला नाही. तो जाणारच. प्लेट काचेमागे ठेव, असं या पत्राच्या पहिल्या कागदावर लिहिलंही होतं. लोकांचे हात वस्तूंपासून लांब ठेवण्यातच माझा जन्म गेला, दुसरं काय सुचणार? तो कागद फाडला. फिरवू दे तिला अंगठा. फक्त जेवणात रंग जाऊ देऊ नकोस, अंगठा पुसत जा. संग्रहालयाला अकराच मिळतील असं कळवलं आहे.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई आता दोन्ही वेळा जेवते. गालांवर थोडं तेज आलं आहे. प्लेटीचा एक काठ मात्र पांढराफटक झाला. परवापासून ती स्वतःच प्लेट फिरवून घेते आणि उरलेल्या फुलांवर अंगठा ठेवते.

थोडीच उरली आहेत, ताई. रजा मिळो न मिळो, फुलं आहेत तोवर ये.

तुझी,
धाकटी