नावाशिवायचा अहवाल

माहीम (पालघर),
१८ नोव्हेंबर १९९२

आदरणीय कृष्णकांतकाका,
सादर नमस्कार.

बाबांच्या पश्चात ज्यांच्या शब्दावर मला कारखान्यात नोकरी मिळाली, त्यांनाच पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, क्षमा असावी. आपण व्यवस्थापक म्हणून समोर बसलात की माझा आवाज फुटत नाही, हे आपण आज पाहिलेच. "पहिला नंबर काढणारी पोर, आणि इथे मूग गिळून बसलीय!" असे आपण म्हणालात. सगळे हसले. माईला यातले काही सांगितलेले नाही. वाडीतली केळी उतरवली आहेत. माई आपल्यासाठी एक फणी पाठवणार आहे.

आता कामाचे. माल रवाना करण्याच्या विभागातील संगणकात विषाणू शिरला, तो बाहेरच्या फ्लॉपीतून. 'बाहेरील फ्लॉपी वापरण्यास सक्त मनाई आहे' ही सूचना मीच टंकून भिंतीवर लावली होती. ती कोणी वाचली नाही. म्हणून सोमवारी मी प्रथमच पुस्तक मिटून सर्वांसोबत डबा खायला बसले. कोणी केले हे न विचारता, पडद्यावरची अक्षरे कशी गळून तळाशी पडतात, तेवढेच सांगितले.

"अगो बाय, माज्या दातांसारकी?" झाडूकाम करणाऱ्या साखरबाई म्हणाल्या. "मंग आता तू कवळी बसवनार काय?"

मीही हसले.

डबे धुताना एका व्यक्तीने मला नळाशी गाठले. घरच्या मुलांसाठी फ्लॉपीवर आणलेला खेळ चालतो का, हे त्या यंत्रावर पाहिले होते. त्याच फ्लॉपीवर हजेरी भरून ती पगार विभागात दिली होती. मी धावत गेले. फ्लॉपी अजून टेबलावरच होती. पगाराचा संगणक वाचला, तो असा.

त्या व्यक्तीचे बोलणे मी मुद्दाम माझ्या भाषेत लिहिले आहे. आपल्याकडे दोन वाक्यांत माणूस कळतो: किनाऱ्यावरचा, डोंगराकडचा, की बोईसरच्या चाळीतला.

उद्या दहापर्यंत आपण नाव मागितले आहे. त्या व्यक्तीला काढून इतरांना धाक बसवावा, असा आपला विचार. काका, विषाणू काढण्याची फ्लॉपी माझ्याकडे आहे. पण पुढच्या वेळी सांगायला कोणीच आले नाही, तर ती कोणत्या यंत्रात घालायची, हे मला कळणार नाही.

नाव मी देणार नाही. हे वाक्य पहिल्याच ओळीत यायला हवे होते. धीर होईपर्यंत पत्र इथवर आले.

संगणकाच्या खोलीची किल्ली सोबत ठेवली आहे. ती मला परत द्यावी की नाही, ते आपण ठरवावे. केळी मात्र ठेवून घ्यावीत. माईचा यात काही संबंध नाही.

'आज्ञाधारक' असे आज लिहिता येत नाही.

आपली,
दमयंती

आपल्या टेबलावर ठेवले: गुरुवार, १९ नोव्हेंबर १९९२, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे.