गाठीचा उपास

आई, परवा रोह्याला कंपनीच्या कँटीनमध्ये एक गोष्ट ऐकली, तेव्हापासून डोकं सुन्न आहे. आमच्या लॅबमधला तरुण केमिस्ट पेपर वाचत होता. माणसाच्या अंगात मुळातच असलेलं एक प्रोटीन परदेशात प्रयोगशाळेत तयार केलंय म्हणे. ते नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. मी म्हटलं, "त्याचा उपयोग काय?" तो म्हणाला, "काका, कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्यांच्यावर पोसली जाते. त्याच बंद केल्या की ती उपाशी मरेल. उंदरांच्या गाठी आटल्यात. माणसांचं अजून बघायचंय." मी विचारलं, "आणि माणूसच जेवला नाही तर?" तो हसला. "तर माणूस खंगेल. गाठ आपला वाटा घेतच राहते." शिफ्टचा भोंगा झाला, सगळे उठले. मला मात्र माझं लहानपण दिसत होतं.

धरमतरच्या खाडीकाठचं आपलं घर. तू मिठागरावरून येऊन चुलीपुढे बसली आहेस. माझ्या ताटात भात आणि सुकट, तुझ्यापुढे वाटीभर पातळ पेज. मी म्हणतो, "आई, तू पण घे ना." तू छातीवर हात ठेवतेस. "ही पाव्हणी आलीय ना, तिला वाढलंच नाय का आपली निघून जाईल." वर हसतेस. देवीचा उपास असेल, असं मला वाटायचं. शेवटी शेवटी तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पाव्हणी रोज जेवत होती, आई. उपाशी तू एकटीच होतीस. आणि तिला रोखणारी वस्तू देवाने माणसाच्या अंगातच घालून ठेवलीय म्हणे. परवा संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला, हात जोडले, पण काय म्हणावं ते सुचेना.

तुला हे सांगायचं कारण तुझी लेक. तिलाही तुझ्यासारखीच गाठ निघालीय. अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि ती पेज पिऊन राहतेय. काल पेणला तिच्याकडे गेलो. केमिस्टने सांगितलेलं सगळं सांगितलं.

"तो तुमचा साहेब डाक्टर हाय का?"

"नाय."

"मग? आईला काय कळत नव्हतं? गाठीला कशाला पोसू मी?"

डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाली, "त्यांचं काय जातंय, दादा." भात तसाच झाकून ठेवला होता. तिचं मनगट बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई स्वप्नात आली होती गो. म्हणाली, माझं चुकलं, पोरीला पोटभर जेवायला सांग."

 तिने हळूच विचारलं, "कुठलं लुगडं नेसली होती?"

"हिरवं."

तिने डोळे पुसले, झाकण काढलं आणि भातावर बांगड्याचं कालवण ओतून घेतलं. दुसऱ्यांदा भात मागितला.

हे लिहून देव्हाऱ्यात ठेवणार होतो, पण तिथे ठेवायचा धीर होत नाही. आई, तू माझ्या स्वप्नात कधीच आली नाहीस. आणि तुझ्या लुगड्यांचा रंग मला एकाचाही आठवत नाही.